नमस्कार वेगळा, शड्डू वेगळा

३० ऑक्टोबर २०२५ ची रात्र. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुली ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करत होत्या आणि कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एका घरी आम्ही चौघे मित्र टीव्हीसमोर उभे होतो. बसून बघवतच नव्हतं. जिंकल्यावर जेमिमा रॉड्रिग्जच्या हातात माईक आला. नाबाद १२७ धावा, मळलेली जर्सी, डोळ्यांतून पाण्याची धार. हे मला एकटीला जमलं नसतं असं म्हणून तिनं येशूचे आभार मानले, मग आईचे, वडिलांचे, प्रशिक्षकांचे. शेवटी अंगातलं त्राण संपत आलं तेव्हा बायबलमधलं एक वचन मनात म्हणत होते, असंही तिनं सांगितलं. तू शांत उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल, अशा अर्थाचं ते वचन.

टीव्ही बंद करता करता मित्र म्हणाला, "खेळली ती स्वतः की. मग येशूला मधे कशाला आणायचं?"

हा मित्र लहानपणापासून माझ्या शेजारचा. पेठेच्या फुटबॉल संघाची फायनल असली की सकाळी तालमीतल्या मारुतीपुढं नारळ फोडल्याशिवाय शाहू स्टेडियमकडं पाऊल टाकत नाही. संघ जिंकला तर गुलालाची पहिली मूठ मारुतीच्या पायावर, मग आमच्या डोक्यावर. त्याच्या या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण ती मी पन्नास वर्षं जवळून बघितली आहे. त्या रात्री मी त्याला एवढंच विचारलं, "आपला नारळ चालतो, मग तिचं वचन का चालत नाही?" तो गप्प राहिला. रागावला नव्हता, विचारात पडला होता. तो विचार मलाही सोडेना.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर अनेकांना तेवढाही विचार पडलेला दिसला नाही. देशाला अंतिम फेरीत नेणाऱ्या मुलीला तिच्या आभारांवरून बोल लावणं सुरू झालं होतं. ऑक्टोबर २०२४ मधलं प्रकरण उकरून काढलं गेलं. तेव्हा मुंबईच्या खार जिमखान्यानं तिचं मानद सदस्यत्व रद्द केलं होतं. तिचे वडील जिमखान्याच्या जागेत धार्मिक कार्यक्रम घेतात, अशी काही सदस्यांची तक्रार होती. प्रार्थनासभा रीतसर घेतल्या, धर्मांतराचा आरोप खोटा आहे, असं वडिलांनी तेव्हाच सांगितलं होतं. तो वाद जागेच्या वापराचा होता, तर तो त्या जागेच्या नियमांनी सुटावा. वडिलांवरचा आक्षेप लेकीच्या शतकाला नेऊन चिकटवणं हे मात्र मला कुठल्याच नियमात बसणारं वाटत नाही.

आणि याच सामन्यातली एक गोष्ट या गदारोळात कुणी नीट बघितलीच नाही. जेमिमा थकली होती तेव्हा समोर दीप्ती शर्मा होती. दीप्तीच्या हातावर हनुमान गोंदलेला आहे. दीप्ती प्रत्येक चेंडूला माझ्याशी बोलत होती, धीर देत होती, असं जेमिमानंच नंतर सांगितलं. बावीस यार्डांच्या एका टोकाला बायबलचं वचन, दुसऱ्या टोकाला मारुतीराया, आणि दोघी मिळून एकच धावसंख्या पुढं नेत होत्या. वाईट दिवसांत नेटमध्ये जिच्या नुसतं उभं राहण्यानं आधार वाटला म्हणून जेमिमानं जिचं नाव घेतलं, ती स्मृती मानधना तर आपल्या शेजारच्या सांगलीची. पुढं २ नोव्हेंबरला विश्वचषक जिंकल्यावर पंतप्रधानांनी संघाला घरी बोलावलं आणि दीप्तीला तिच्या हनुमानाबद्दल कौतुकानं विचारलं. ते कौतुक योग्यच होतं. दीप्तीला जे मिळालं तेच जेमिमाला का मिळू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या तालमीत सापडतं. मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली, पण खेळ म्हणजे काय हे शिकलो ते तालमीच्या हौद्याकाठी बसून. कोल्हापुरात अशी तालीम विरळाच जिच्यात मारुती नाही. लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून ती मळायची, उदबत्ती लावायची, मग जोर-बैठका. पैलवान हौद्यात उतरताना आधी वाकतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो, मारुतीकडं बघून हात जोडतो. हा झाला नमस्कार. मग तो मधोमध जातो, मांडीवर थाप मारतो आणि सगळ्या तालमीत आवाज घुमतो. हा झाला शड्डू.

दोन्ही कृतींत जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर. पण नमस्कार करताना पैलवानाची मान खाली असते आणि समोरचा जोडीदार त्याच्या मनात नसतो. शड्डू मात्र समोरच्यासाठीच असतो. ये, बघू तुझ्यात किती जोर आहे, असं त्यात सांगणं असतं. कुस्तीत दोन्ही लागतात. पण मारुतीचं नाव घेऊन समोरच्याला हिणवलेलं आमच्या वस्तादांना कधी चाललं नाही. पंजाबचे मल्ल शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापुरात येत आले, त्यांतले कित्येक मुसलमान होते. तेही हौद्यात उतरताना माती कपाळाला लावत आणि ओठांत आपल्या अल्लाचं नाव घेत. १९१२ साली खासबागेत मैदान उभं राहिलं तेव्हापासून तिथं जमणारी माणसं कुस्ती निकाली झाली की नाही, डाव कुठला पडला, यावर रात्र रात्र वाद घालत आली आहेत. हात जोडताना पैलवानानं कुणाचं नाव घेतलं, यावर वाद घातलेला मी तरी ऐकला नाही.

खेळाडूंच्या श्रद्धेबद्दल बोलताना मला हाच फरक धरून ठेवावासा वाटतो. खेळाडूचा नमस्कार हा त्याचा आणि त्याच्या देवाचा मामला आहे. त्यावर टाळी वाजवा किंवा नुसतं बघा, पण त्याची झडती घेऊ नका. त्या नमस्काराचा कुणी शड्डू केला, तर जरूर बोला. मग तो कुणीही असो, कुठल्याही धर्माचा असो. आणि बारकाईनं बघितलं तर बहुतेक वेळा खेळाडू नुसता नमस्कार करत असतो, शड्डू बाहेर बसलेले ठोकतात.

२४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. पाकिस्तानचा मोहम्मद रिझवान नेहमीप्रमाणं मैदानातच नमाज पढला. तो त्याचा नमस्कार होता. पण हिंदूंच्या मधोमध उभं राहून नमाज पढला हे मला सगळ्यात खास वाटलं, असं पाकिस्तानचाच माजी गोलंदाज वकार युनूस टीव्हीवर बोलून गेला आणि त्या नमस्काराचा शड्डू झाला. टीका झाल्यावर त्यानं माफी मागितली, पण शब्द तोंडातून सुटले होते. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२३ ला अहमदाबादला हाच रिझवान बाद होऊन परतत असताना प्रेक्षकांनी त्याच्या तोंडावर 'जय श्रीराम'च्या घोषणा दिल्या. आमच्याकडं गावात पाव्हणा भेटला की पहिला शब्द 'राम राम'. ज्या नावानं आपण माणसाला जवळ करतो, तेच नाव खाली मान घालून चाललेल्या पाहुण्याला डिवचायला वापरलं गेलं. मी रामाचं नाव घेऊन मोठा झालेला माणूस आहे. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं रिझवानपेक्षाही रामाच्या नावासाठी होतं.

मोहम्मद शमीइतकं या बाबतीत क्वचितच कुणी सोसलं असेल. दुबईतल्या त्या पराभवानंतर अकरांपैकी एकट्या शमीच्या देशनिष्ठेवर संशय घेतला गेला. धर्मावरून कुणावर हल्ला करणं ही माणसानं करावी अशी सगळ्यात हीन गोष्ट आहे, अशा शब्दांत कर्णधार विराट कोहली तेव्हा त्याच्या पाठीशी उभा राहिला. २ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर श्रीलंकेचा डाव ५५ धावांत आटोपला, शमीनं १८ धावांत पाच बळी घेतले आणि पाचवा बळी मिळाल्यावर तो गुडघ्यांवर बसला. लगेच सीमेपलीकडून सूर निघाला की याला सजदा करायचा होता, म्हणजे अल्लापुढं कपाळ जमिनीला टेकवायचं होतं, पण भारतात भीती वाटली म्हणून थांबला. शमीनं नंतर मुलाखतीत स्वच्छ सांगितलं की मला सजदा करायचा असता तर कोण अडवणार होतं? मी मुसलमान आहे याचा अभिमान आहे, भारतीय आहे याचाही अभिमान आहे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा. मग ४ मार्च २०२५. दुबईतच चॅम्पियन्स ट्रॉफीची उपांत्य फेरी, रमजानचा महिना, शमी सीमारेषेवर काहीतरी पिताना कॅमेऱ्यात दिसला आणि बरेलीच्या एका मौलानांनी त्याला धर्माचा गुन्हेगार ठरवलं. प्रवासात असलेल्यानं रोजा पुढं ढकलावा, ही सवलत त्याच धर्मात आहे. ती त्या वेळी इतरांना आठवून द्यावी लागली.

एकाच माणसाला पहिल्यांदा फार मुसलमान म्हणून झोडपलं, दुसऱ्यांदा मुसलमानपण लपवतो म्हणून आणि तिसऱ्यांदा पुरेसा मुसलमान नाही म्हणून. या तिन्ही वेळी त्याच्या श्रद्धेवरून वाद उकरणाऱ्यांत तो स्वतः कुठंच नव्हता. त्याच्या हातात चेंडू होता आणि तो टाकणं एवढंच त्याचं काम चाललं होतं.

खेळाडूची श्रद्धा जोखायचीच असेल तर माझ्याकडं तिला एकच माप आहे. तिचा खर्च कोण करतो, ते बघावं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. स्कॉटलंडचा एरिक लिडेल हा त्या शर्यतीचा दावेदार. पण रविवार देवाचा, म्हणून तो धावला नाही. देशातून दडपण आलं तरी बधला नाही. मग ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण घेऊन गेला. लोक सुवर्णाची गोष्ट सांगतात. मला सोडलेली शर्यत मोठी वाटते, कारण ४०० मीटरला काय होणार हे सोडताना त्याला ठाऊक नव्हतं. बॉक्सर मोहम्मद अलीनं १९६७ मध्ये श्रद्धेचं कारण देऊन सैन्यात भरती व्हायला नकार दिला. जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षं तो रिंगणाबाहेर राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली, पण ती वर्षं कुणी परत दिली नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलानं संघाच्या प्रायोजक बिअरचं चिन्ह आपल्या जर्सीवर नको म्हटलं. इतरांनी ते लावू नये, असं तो म्हणाला नाही. २००६ मध्ये त्याची दाढी बघून समालोचक डीन जोन्सनं त्याला 'दहशतवादी' म्हटलं, ते प्रक्षेपणात ऐकू गेलं आणि जोन्सची ती नोकरी गेली. आमला शांत राहिला. २०१२ मध्ये ओव्हलवर त्यानं नाबाद ३११ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजानं केलेलं ते पहिलं त्रिशतक.

या तिघांची पदरमोड स्वतःची होती. शर्यत सोडली ती आपली, वर्षं गमावली ती आपली, शिवी सोसली ती आपण. आता याच्या उलट ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इझ्राएल फोलाऊ घ्या. २०१९ मध्ये त्यानं समलिंगी लोकांसह अनेकांना नरक वाट बघतोय, असं जाहीर लिहिलं आणि त्याचा करार रद्द झाला. त्याच्या प्रार्थनेला कुणी हरकत घेतली नव्हती. पण इथं त्याच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्यांनी, स्वतःच्या अब्रूनं मोजावी अशी त्याची मागणी होती. त्याला झालेली शिक्षा कमी की जास्त यावर वाद होऊ शकतो, टीका मात्र रास्तच होती. देवाचं नाव घेऊन आपण काय सोडतोय आणि दुसऱ्याकडून काय मागतोय, एवढं बघितलं की नमस्कार कुठला आणि शड्डू कुठला हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही.

आता आमच्याच गावातल्या एका मोठ्या आक्षेपाकडं येतो, कारण तो टाळून मला पुढं जाता येणार नाही. कोल्हापूर हे कॉम्रेड गोविंद पानसरे यांचं गाव. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी त्यांच्यावर इथंच गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांची भाषणं ऐकून तयार झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि ती मला विचारतात की हे सगळं देवाचं प्रस्थ खेळात हवंच कशाला? देवानं जिंकवलं म्हणायचं, मग हरलेल्याचा देव कुठं गेला होता? पोरांना सरावावर विश्वास ठेवायला शिकवायचं की नारळावर?

प्रश्न खरा आहे. देवानं मला निवडलं आणि समोरच्याला टाकलं, असं म्हणणारा खेळाडू मलाही पटत नाही. पण अठ्ठावीस वर्षं मैदानावर पोरांना शिकवताना मी जे बघितलं ते वेगळं आहे. पेनल्टी घ्यायला निघालेल्या पोराचा घसा कोरडा पडतो. चढाईला निघालेल्या मुलीचे तळहात घामेजतात. त्या क्षणी मनाला धरायला काहीतरी लागतं. आमच्या जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशनमध्ये उतरला. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून, मग उभं राहून नेम धरायचा. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. नेमबाजीत स्वतःच्या छातीचा ठोकासुद्धा नेमाला धक्का देतो. तो ठोका शांत करायला कुणी श्वास मोजतो, कुणी आईचा चेहरा आठवतो, कुणी देवाचं नाव घेतो. जेमिमाचं वचन मला या जातीचं वाटतं. देव लढेल म्हणाली, पण बॅट तिनं खाली ठेवली नव्हती. ऑस्ट्रेलियाचा चेंडू देवानं वळवला असा तिचा दावाही नव्हता. वचनानं तिचं मन जागेवर राहिलं आणि धावा तिनं स्वतः पळून काढल्या. सरावाची जागा प्रार्थनेनं घेतली तर ओरडायचा हक्क प्रशिक्षकाला आहे. सराव करून आलेल्या पोराला प्रार्थना करू नको म्हणायचा हक्क मला नाही.

आणि हे सूत्र दुसऱ्या बाजूनंही तितकंच लागू व्हायला हवं. डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम सुरू करण्याच्या कितीतरी आधी कबड्डीचे नावाजलेले खेळाडू होते. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या संघाचे ते कर्णधार होते आणि बांगलादेशाविरुद्ध भारताकडून खेळले. आजच्या मैदानावर त्यांच्यासारखा एखादा खेळाडू माईक हातात आल्यावर म्हणाला की मी देव मानत नाही, माझ्या मांड्यांवर आणि माझ्या संघावर माझा विश्वास आहे, तर आपण ते ऐकून घेऊ का? मला शंका आहे. जेमिमाला जे बोल ऐकावे लागले त्याहून कडू त्याला ऐकावे लागतील. ज्याला हात जोडायचे नाहीत त्याचे मोकळे हातही सन्मानानं बघणं हा याच न्यायाचा भाग आहे, आणि पेठेतल्या सत्कारात व्यासपीठावर आलेल्या पोरानं जयघोष केला नाही म्हणून कुजबुजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तालमीचं गुणगान करताना तिचं एक वागणंही सांगायला हवं. आमच्या तालमींच्या हौद्यात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, कारण मारुती ब्रह्मचारी, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. मीही कधी त्यावर प्रश्न विचारला नाही, याची मला आज खंत आहे. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू आहे, आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडलं, तेही सांगलीत. वडणग्याची रेश्मा माने यांसारख्या मुली आपल्या जिल्ह्यातून आंतरराष्ट्रीय मॅटवर पोचल्या त्या या दारावरून वाट काढत. मारुतीला हात जोडणं हा नमस्कार आहे. मारुतीचं नाव सांगून मुलीला उंबऱ्यावर अडवणं हा नमस्कार नव्हे. २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या टेनिसच्या कपड्यांवरून फतवा निघाला तेव्हा आपण मोठ्या आवाजात हसलो होतो. आपल्या हौद्याचं दार तेव्हा आपल्याला दिसलं नाही.

उलट टोकही आहे. फ्रान्सनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या खेळाडू मुलींना डोक्यावर हिजाब घालायला बंदी केली. रिले धावणारी सुंकाम्बा सिला उद्घाटनाच्या संचलनात टोपी घालून सामील झाली, तेव्हा कुठं तिला जाता आलं. जबरदस्तीनं झाकायला लावणं मला मान्य नाही, तसंच जबरदस्तीनं उघडायला लावणंही. याहून जास्त त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

लिव्हरपूलचं उदाहरण बरेच जण आशेनं देतात. इजिप्तचा मोहम्मद सालाह २०१७ मध्ये तिथं आला, गोल केल्यावर मैदानावर सजदा करू लागला आणि गाव त्याच्या प्रेमात पडलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजून बघितलं, तर तो आल्यानंतर मर्सीसाइड भागात द्वेषातून होणारे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले होते. वाचून मला आनंद झाला, आणि काळजीही वाटली. सालाह गोल करतो म्हणून त्याचा सजदा गोड लागतो. त्याच गल्लीत राहणारा, फुटबॉल न खेळणारा मुसलमान पोरगा कुठल्या गोलाच्या बदल्यात आपली जागा मिळवणार? शमीचं आपण तेच केलं. २०२३ च्या विश्वचषकात २४ बळी घेतले तेव्हा तो आपला झाला. दोन वर्षं आधी एक सामना हरलो तर परका होता. अशी आपुलकी उधारीची असते, आणि खराब फॉर्मच्या पहिल्याच दिवशी तिची वसुली होते.

मला पटतं ते छोटं उदाहरण जानेवारी २०२२ चं. ऑस्ट्रेलियानं होबार्टला इंग्लंडविरुद्धच्या अ‍ॅशेस मालिकेची शेवटची कसोटीही जिंकली, व्यासपीठावर शॅम्पेन उडवायची तयारी झाली. संघातला मुसलमान फलंदाज उस्मान ख्वाजा दारूपासून लांब राहायचं म्हणून बाजूला उभा होता. कर्णधार पॅट कमिन्सच्या ते लक्षात आलं. त्यानं पोरांना बाटल्या बाजूला ठेवायला सांगितलं आणि ख्वाजाला हात करून फोटोत बोलावलं. भाषण नाही, जाहीर निवेदन नाही. काही सेकंदांसाठी बाटल्या थांबल्या आणि संघ पूर्ण झाला. ख्वाजाची श्रद्धा कमिन्सची नव्हती. तिच्यासाठी जागा करणं एवढंच त्याच्या हातात होतं आणि तेवढं त्यानं केलं.

अशी जागा करायला कोल्हापूरला बाहेरून शिकायची गरज पडू नये. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. २०१८ ते २०२० ही तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा आपल्या कितीतरी तालमींच्या मांडवात गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसले. दसरा चौकात शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या बोर्डिंगांमध्ये मुस्लिम बोर्डिंगही आहे, आणि त्या चौकातून आपण रोज जातो. शाहू स्टेडियमवर बाहेरून आणलेले आफ्रिकी खेळाडू छातीवर क्रॉसची खूण करून उतरायचे आणि पेठेचं पब्लिक त्यांच्या नावानं घसा फोडायचं. कुणी त्यांचा धर्म विचारला नाही, त्यांची किक बघितली.

पण हेच कोल्हापूर ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून पेटलं होतं. बंद, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेटच बंद. त्या दिवशी मी दार लावून घरात बसलो होतो आणि माझ्या शिकवण्यात काय कमी पडलं याचा विचार करत होतो, कारण रस्त्यावरच्या पोरांत मैदानावर शिकवलेले चेहरे असणार, हे मला माहीत होतं.

त्या वर्षानंतरची एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आमच्या भागात एक पोरगा फुटबॉल खेळतो. वय एकोणीस, डाव्या पायात जादू आहे. शाळेत असताना गोल झाला की धावत कोपऱ्याच्या झेंड्याकडं जायचा आणि कपाळ मातीला टेकवायचा. पोरं त्याच्या पाठीवर उड्या मारायची, माझा मित्र स्टँडमधून त्याचं नाव घेऊन ओरडायचा. गेल्या हंगामात मी त्याचे दोन गोल बघितले. दोन्ही वेळा तो झेंड्यापर्यंत गेला, गुडघ्यावर बसला आणि लगेच उठला. मॅच संपल्यावर मी विचारलं, "काय रे, अर्ध्यातच?"

तो बूट सोडत होता. वर न बघता म्हणाला, "नको सर. कोणतरी व्हिडिओ काढत असतंय."

शमीनं जगासमोर ताठ मानेनं उत्तर दिलं. त्याच्यामागं वर्षानुवर्षांचे बळी होते, भारताची जर्सी होती. या पोराकडं फक्त एक डावा पाय आहे. मी हे त्याच संध्याकाळी माझ्या मित्राला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या मॅचला आपण त्या कोपऱ्याकडंच बसू."